आठवणी काचीगुड्याच्या : बँकेतले बी.कॉम. सिस्टीमवाले



आपल्या आठवणींच्या या मालिकेत विवेकवर्धिनी येऊन गेली, ग्रंथसंग्रहालय येऊन गेलं, रझाकारांचे दिवस तर तिघाचौघांनी लिहिले. बँकेवर मात्र कोणी लिहिलं नाही. काचीगुडा, बरकतपुरा, बडी चावडी, सुलतान बाजार इथल्या मराठी घरांत एक पिढी अशी होऊन गेली की घरटी एक माणूस बँकेत, नाहीतर रेल्वेत, नाहीतर ए.जी. ऑफिसात. म्हणून म्हटलं आपणच लिहावं. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

कर्जं आणि ठेवी हा आजचा विषय नाही. बँकेत संगणक आले तेव्हा ते बसवले कोणी, सांभाळले कोणी आणि त्या माणसांना तयार कसं केलं, हे लिहायचंय. आज नातवंडं मोबाईलवर बँक उघडतात आणि त्यांना वाटतं हे सगळं हायटेक सिटीतल्या इंजिनियरांनी केलं. सॉफ्टवेअर लिहिलं त्यांनीच, मान्य. पण बँकेच्या आत ते बसवणारे, रोज सकाळी चालू करणारे, रात्री बॅकअप घेऊन कुलूप लावणारे बहुतेक जण साधे बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी. झालेले क्लार्क आणि ऑफिसर होते. मी त्यांतलाच एक. स्टेशन रोडवरच्या बद्रुका कॉलेजचा बी.कॉम. कॉलेज १९५० सालचं, मी १९७१ च्या बॅचचा. १९७३ साली बँकेत लागलो आणि नोकरीची शेवटची बारा-तेरा वर्षं बँकेच्या ट्रेनिंग सेंटरवर याच लोकांना शिकवण्यात गेली. बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे थोडं उणंदुणं येणार आहे, आणि पेन्शन अजून तिथूनच येते!

आधी थोडा इतिहास. १९८० च्या आसपास बँकेत संगणक म्हणजे भांडणाचा विषय. नोकऱ्या जातील ही युनियनची भीती काही अगदीच खोटी नव्हती. ८ सप्टेंबर १९८३ ला इंडियन बँक्स असोसिएशन आणि युनियन यांच्यात करार झाला आणि मशीन कुठे, किती, कशासाठी हे त्यात मोजूनमापून ठरलं. पाठोपाठ १९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला. रंगराजन तेव्हा रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर होते. पुढे १९९७ साली हेच रंगराजन आपले राज्यपाल म्हणून सोमाजीगुड्याच्या राजभवनात राहायला आले, तेव्हा आमच्या ऑफिसात एक जण म्हणाला होता, ‘ज्यांनी आपल्याला मशीनवर बसवलं ते आता शेजारी आले.’

तर मशीन. शाखांत पहिल्यांदा आलं ते एएलपीएम, म्हणजे ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन. आत होता संगणकच, पण म्हणायचं मशीन. कॉम्प्युटर म्हटलं की घोषणा सुरू व्हायच्या, मशीन म्हटलं की चालायचं. वाउचर बघून खात्यात नोंद करायची, संध्याकाळी बेरजा डे-बुकाशी जुळवायच्या, फ्लॉपीवर प्रत काढायची, फ्लॉपी तिजोरीत. या मशीनला सांभाळणारा असा वेगळा कोणी नव्हता. बिघडलं की कंपनीच्या माणसाला फोन, आणि तो येईपर्यंत पुन्हा हाताने लेजर.

सांभाळणाऱ्याची गरज पडली ती नव्वदच्या दशकात. १९८७ आणि १९९३ चे आणखी दोन करार झाले, पूर्ण शाखा एका सर्व्हरवर चालवण्याची मोकळीक मिळत गेली. एका केबिनमध्ये सर्व्हर, त्यावर युनिक्स, बाहेर काउंटरवर टर्मिनलं. आता कोणाला किती रकमेपर्यंत पास करता येईल, कोणाला फक्त बघता येईल, सकाळी ‘डे बिगिन’ कोणी करायचं, रात्री ‘डे एंड’ अडकलं तर काय करायचं, हे बघणारा एक माणूस शाखेत लागला. त्याचं नाव सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर. शाखेतले त्याला ‘सिस्टीमवाला’ म्हणत, शिपाई ‘शिष्टमसाब’.

कोणाला निवडायचं? हेड ऑफिसने परीक्षा वगैरे ठेवली होती. पण ब्रँच मॅनेजर लोकांची खरी कसोटी वेगळी होती. ज्याचं बॅलन्सिंग वेळेवर जुळतं आणि जुळलं नाही तर जो घरी जात नाही, त्याचं नाव ते पाठवत. माझ्या मते ही निवड परीक्षेपेक्षा बरी होती.

आता युनिक्समधली एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यावरच पुढचं सगळं उभं आहे. युनिक्समध्ये ‘रूट’ नावाचा एक वापरणारा असतो. त्याला काहीही करता येतं. कुठलीही फाईल उघडावी, बदलावी, पुसावी. शाखेतल्या एका क्लार्कच्या हातात मॅनेजरपेक्षा जास्त सत्ता! इंजिनियर कंपनीला यात काही वावगं वाटलं नाही. बँकवाल्यांची मात्र झोप उडाली, आणि त्यांनी उत्तर शोधलं ते तिजोरीतून. ज्यांनी बँकेत काम केलंय त्यांना ठाऊक आहे, स्ट्राँगरूमला दोन चाव्या लागतात. एक हेड कॅशियरकडे, एक ऑफिसरकडे. एकट्याने दार उघडत नाही. याला जॉइंट कस्टडी म्हणायचं. तसाच रूटचा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातला, पाकिटाच्या तोंडावर दोघांनी आडव्या सह्या केल्या, वर लाख लावली आणि पाकीट स्ट्राँगरूममध्ये ठेवलं. काढलं की रजिस्टरला नोंद, काम झालं की पासवर्ड बदलून नवं पाकीट.

मी ट्रेनिंगला सुरुवात केली तेव्हा हे बघून माझ्या लक्षात आलं की आपल्या लोकांना शिकवणं वाटतं तितकं अवघड नाही. कमांड पाठ करून येतात. पण एकट्याच्या हातात सगळं द्यायचं नाही, केलेल्या प्रत्येक गोष्टीची कुठेतरी सही राहिली पाहिजे, हे कोणाला सहा आठवड्यांत शिकवता येत नाही. ते आमच्या लोकांना आधीच येत होतं. पाचशे वर्षांची जुनी जमाखर्चाची विद्या आहे ती. एक लिहिणार, दुसरा तपासणार. संगणकवाले त्यालाच मेकर-चेकर म्हणू लागले, एवढंच.

याच सुमारास हैदराबादचं महत्त्व वाढलं. रिझर्व्ह बँकेने १९९६ साली मासाब टँकजवळ कॅसल हिल्सवर आयडीआरबीटी ही संस्था काढली, बँकांच्या तंत्रज्ञानासाठीच. १९९९ साली तिथून ‘इन्फिनेट’ हे बँकांचं उपग्रहावरचं जाळं सुरू झालं. दुसरीकडून दट्ट्या आला तो दिल्लीचा. एन. विठ्ठल केंद्रीय दक्षता आयुक्त असताना आदेश निघाला की १ जानेवारी २००१ च्या आत बँकांचा ७० टक्के व्यवसाय संगणकावर आला पाहिजे. मग काय, बॅचवर बॅच. अजिंठा एक्स्प्रेसने नांदेड, परभणी, जालन्याकडची मंडळी बॅगा घेऊन काचीगुड्याला उतरायची. १९१६ सालचं निजामाच्या वेळचं आपलं स्टेशन, त्याच्या घुमटाखाली उभं राहून पहिला प्रश्न, ‘सर, इथं जेवायचं कसं? आंबट लई खातेत म्हणे इथले.’

वर्गाची भाषा हा एक वेगळाच मासला होता. फळ्यावर इंग्रजी. मागच्या बाकावर तेलुगू आणि मराठी. आणि समजावायची वेळ आली की सगळ्यांना येणारी आपली दखनी. ‘देखो मियाँ, पहले बॅकअप, बाद में बात.’ वरंगलचा असो की लातूरचा, हे वाक्य कोणी विसरला नाही.

यानंतर आलं कोअर बँकिंग, आणि चित्र पालटलं. एकेका शाखेची खाती उचलून एका मोठ्या डेटा सेंटरमध्ये गेली. शाखेतला सर्व्हर बंद झाला. त्याच्याबरोबर शाखेतला सिस्टीमवालाही. ज्या माणसाने आठ वर्षं रात्री नऊ-नऊपर्यंत बसून डे एंड केलं, त्याला एका सकाळी सांगितलं की उद्यापासून तुम्ही पासबुक काउंटरला बसा. कोणाची नोकरी गेली नाही, हे खरं. पण काही जण मनाने खचले, हेही खरं. त्यावर कोणी परिपत्रक काढलं नाही.

त्यांतल्या काहींना पुन्हा काम मिळालं ते पोर्टलमुळे. माझ्या या लेखाचा गाभा खरं तर इथून सुरू होतो.

पोर्टल म्हणजे काय? कोअर बँकिंगमध्ये गिऱ्हाइकांची खाती गेली, पण बँकेचा बाकीचा कारभार शिल्लकच होता. परिपत्रकं, रजा, प्रवासभत्ता, पगारपत्रक, फॉर्म १६, बदल्या, ऑडिटचे अहवाल, शाखांची मासिक विवरणं. प्रत्येकाला वेगळं सॉफ्टवेअर, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. एकेका ऑफिसरकडे सात-आठ पासवर्ड, आणि ते सगळे टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर! गिऱ्हाइकालाही वाचता यावेत असे. तेव्हा ठरलं की या सगळ्याला एकच दार करायचं. एकदा ओळख पटवा, आत या, आणि तुमच्या हुद्द्याप्रमाणे जेवढं तुमचं आहे तेवढंच तुम्हाला दिसेल. (सरकारने हैदराबादेत २००१ साली ‘ई-सेवा’ काढली, लाईटबिल, पाणीबिल, घरपट्टी सगळं एका खिडकीवर, ते आपल्याला आठवत असेल. कल्पना त्याच जातीची. फक्त ती जनतेसाठी, ही नोकरांसाठी.)

वर्गात मी देवडीचं उदाहरण द्यायचो. आपल्या शहरातल्या जुन्या जहागीरदारांच्या देवड्या आठवा. रस्त्यावर एकच मोठा दरवाजा. आत दिवाणखाना, कचेरी, मुदपाकखाना, जनाना, तबेला. दरवाज्यावरचा चौकीदार चेहरे ओळखतो. हा मुनीम, याला कचेरीपर्यंत. हा भिस्ती, याला मुदपाकखान्यापर्यंत. ही दाई, हिला थेट जनान्यात. दालनागणिक वेगळा चौकीदार नाही, पण कोण कुठपर्यंत जाणार हे ठरलेलं. पोर्टल म्हणजे ती देवडी आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे तो चौकीदार. मालक नव्हे बरं का! हे मी दोनदा सांगायचो, कारण चावी हातात आली की माणसाला मालक झाल्यासारखं वाटतं.

आमच्या बँकेत लाईनचा वेग तेव्हा बेताचा, म्हणून हेड ऑफिसशिवाय प्रत्येक झोनल ऑफिसातही पोर्टलचा एकेक सर्व्हर बसवायचा होता. सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचं. बसवून द्यायला व्हेंडरची दोन पोरं. हुशार होती, पण एका झोनला दोन दिवस देऊन पुढच्या गाडीत बसायची. त्यांच्यामागे ते चालवणार कोण? म्हणून प्रत्येक झोनमधून दोघं (पुन्हा दोघंच, जॉइंट कस्टडी!) बोलावून तीन आठवड्यांचं ट्रेनिंग ठेवलं.

पहिल्या दिवशी मी कोणाला संगणकाला हात लावू देत नसे. एक कोरा तक्ता द्यायचो. सर्व्हरचं नाव, त्याचा पत्ता, कुठल्या पोर्टवर काय चालणार, डिस्कची जागा किती, डेटाबेस कुठे, वापरणाऱ्यांची यादी ठेवणारी डिरेक्टरी कुठे, कुठली सेवा कोणाच्या नावाने चालणार आणि तो पासवर्ड कोणत्या पाकिटात. हा तक्ता पूर्ण भरून दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय सीडी हातात मिळणार नाही. पोरं कुरकुरायची. म्हणजे पन्नाशीची पोरं! त्यांना ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ दाबायची घाई. पण पोर्टल एकटं उभं राहत नाही. खाली ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्यावर डेटाबेस, शेजारी डिरेक्टरी, मग वेब सर्व्हर आणि ॲप्लिकेशन सर्व्हर, आणि सगळ्यांच्या डोक्यावर पोर्टल. खालच्या थरात एक नाव चुकलं तर वरचा थर तीन तासांनी पडतो, आणि पडताना कारण भलतंच सांगतो. त्यासाठी लॉग वाचायला शिकवलं. लॉग म्हणजे संगणकाचं डे-बुक, दुसरं काही नाही. काय झालं, किती वाजता, कोणाच्या नावाने. शेवटची ओळ बघू नका, पहिली चूक कुठे झाली ती शोधा, कारण तिच्यानंतरच्या चुका तिचीच पिल्लं असतात. बॅलन्सिंगमध्ये फरक शोधणाऱ्याला हे एका तासात पटलं.

बॅकअपचंही तेच. टेप रोज निघत, लेबल लावून कपाटात रांगेत. मी विचारायचो, यांतल्या एखाद्या टेपवरून कधी पोर्टल परत उभं केलंय का? सगळे गप्प. मग विचारायचो, रोकड न मोजता कॅशबुकावर सही कराल का? आता सगळे हसायचे. दुसऱ्या आठवड्याचा बुधवार ठरलेला. सरावाच्या सर्व्हरवरचं पोर्टल मी स्वतः पुसून टाकायचो आणि म्हणायचो, टेपवरून उभं करा, मग जेवायला जा. एका बॅचला जेवण संध्याकाळी साडेसहाला मिळालं.

सगळ्यांना आवडलेली गोष्ट मात्र ड्यू डेट डायरीची. पोर्टल आणि तुमचा ब्राउझर यांच्यातलं बोलणं सुरक्षित राहावं म्हणून सर्टिफिकेट लागतं. आयडीआरबीटीलाच २००२ साली बँकांसाठी अशी डिजिटल सर्टिफिकेटं देण्याचा परवाना मिळाला. त्या सर्टिफिकेटला मुदत असते. मुदत संपली की सकाळी दहा वाजता हजारो लोकांच्या पडद्यावर एकदम धोक्याची सूचना, आणि फोनची रांग. मोठमोठ्या कंपन्यांत हे घडतं, इंजिनियर असूनही. आमच्याकडे मुदतीच्या ठेवी, विम्याच्या पॉलिस्या, कर्जाच्या कागदपत्रांची तीन वर्षांची मुदत, सगळ्यासाठी ड्यू डेट डायरी असतेच. त्याच डायरीत एक ओळ वाढवली. महिनाभर आधी लाल शाई. कुठलंही नवीन सॉफ्टवेअर घ्यावं लागलं नाही.

आता त्या प्रसंगाकडे येतो ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

२००७ ची बॅच असावी. परभणीकडच्या एक मॅडम होत्या. क्लार्क म्हणून लागल्या, कॅशमध्ये दहा वर्षं, मग ऑफिसर. संगणकाचं शिक्षण शून्य, पण अक्षर मोत्यासारखं आणि नजर घारीची. वापरणाऱ्यांचे हक्क हा धडा चालू होता. प्रत्येकाला आपल्या झोनच्या वापरणाऱ्यांची यादी छापून दिली होती, त्यात हुद्द्याप्रमाणे भूमिका बरोबर आहेत का ते टिक करायचं. मॅडमनी पानं उलटता उलटता हात वर केला.

‘सर, हे आमच्या शाखेचे हेड कॅशियर. हे वारले ना.’

‘कधी?’

‘दोन वर्षं होतील दिवाळीला. मी स्वतः गेले होते घरी. मग हे इथं चालू कसे?’

यादीत त्यांच्या नावापुढे ‘ॲक्टिव्ह’ होतं. वर्ग एकदम शांत झाला. मग सगळ्यांनी आपापल्या याद्या काढल्या. रिटायर झालेले, राजीनामा दिलेले, बदलून दुसऱ्या राज्यात गेलेले, सगळे आपापल्या जुन्या खुर्चीवर बसलेले. आणखी दोन मयत निघाले. आणि एक गंभीर प्रकार निघाला. बदली झालेल्या एका ऑफिसरला नव्या जागेचे हक्क मिळाले होते, पण जुन्या जागेचे काढलेच नव्हते. म्हणजे स्वतः भरलेलं प्रवासबिल स्वतःच पास करायची सोय. पैसे कोणी खाल्ले नव्हते, सुदैव. पण मेकर आणि चेकर एकच माणूस, म्हणजे तिजोरीच्या दोन्ही चाव्या एकाच खिशात.

हे झालं कसं? कोणी आळशी नव्हतं. माणूस गेला की पर्सोनेल विभागाकडे मृत्यूचा दाखला जातो. पीएफ, ग्रॅच्युइटी, कुटुंबाची पेन्शन, सगळं नियमाने होतं आणि फाईल बंद होते. पण ती फाईल बंद झाल्याचं पोर्टलला कोण सांगणार? शाखेत सर्व्हर होता तेव्हा हा प्रश्नच नव्हता. सिस्टीमवाला त्याच हॉलमध्ये बसायचा. हेड कॅशियर गेले तर तो खांदा द्यायला गेलेला असायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच न सांगता त्यांचं नाव बंद केलेलं असायचं. आता चौकीदार दोनशे किलोमीटर लांब झोनल ऑफिसात. त्याला चेहरे दिसत नाहीत, फक्त यादी दिसते. सगळं एका जागी आणण्याचे फायदे आम्हाला पुष्कळ सांगितले गेले, आणि ते खरेही होते. ही बाजू मात्र कुठल्याच पुस्तिकेत नव्हती. व्हेंडरच्या जाडजूड मॅन्युअलमध्ये वापरणारा नव्याने घालायचा कसा यावर तीस पानं होती, काढायचा कसा यावर दीड.

मॅडम परत गेल्यावर गप्प बसल्या नाहीत. हेड ऑफिसला लिहिलं. उत्तर आलं, सॉफ्टवेअरमध्ये सध्या तशी सोय नाही. पुन्हा लिहिलं. मग त्यांनी आपल्या झोनपुरता मार्ग काढला. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पर्सोनेल विभागाकडून एक कागद यायचा. त्यावर तीन रकाने, बदली, निवृत्ती, मृत्यू. त्या स्वतः कागदाप्रमाणे नावं बंद करायच्या किंवा हक्क बदलायच्या, दुसरा ऑफिसर तपासून मंजूर करायचा, मग दोघांच्या सह्या. ऑडिटरांनी तो कागद पाहिला, वाखाणला, आणि मी पुढच्या प्रत्येक बॅचला त्याचा नमुना द्यायला लागलो. सव्वा वर्षाने हेड ऑफिसने पर्सोनेलचं सॉफ्टवेअर आणि पोर्टलची डिरेक्टरी एकमेकांना जोडली, की तिकडे नाव बंद झालं की इकडे आपोआप बंद. तोवर बऱ्याच झोननी तो कागद चालू केला होता.

मॅडमना त्यासाठी काही बक्षीस वगैरे मिळालं नाही. प्रमोशनला एकदा मागेच राहिल्या. हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं.

आता नव्या पिढीची बाजूही सांगायला हवी, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याला सगळं जुनंच गोड. त्याच वर्षांत आमच्या भावाचा मुलगा काचीगुड्याहून रोज बस बदलत अमीरपेटला जायचा. मैत्रीवनमच्या आसपासच्या त्या गल्ल्या ज्यांनी बघितल्यात त्यांना सांगायला नको. भिंतीवर, खांबावर, जिन्यावर पाट्याच पाट्या. वेबस्फीअर ॲडमिन, वेबलॉजिक ॲडमिन, शेअरपॉइंट, ओरॅकल डीबीए. पंचेचाळीस दिवस, सकाळी सातची बॅच, झेरॉक्स नोट्स. एकदा मी मुद्दाम त्याच्याबरोबर जाऊन डेमो क्लासला मागे बसलो. शंभरावर पोरं, पंखे दोन, आणि शिकवणारा सव्वीस-सत्तावीसचा. पण काय शिकवलं त्याने! आम्ही तीन दिवसांत करायचो ते पोर्टल त्याने दोन तासांत फळ्यावर आणि पडद्यावर उभं केलं, मुद्दाम पाडलं, पुन्हा उभं केलं. पोरं बेधडक. मोडलं तर मोडलं, परत बसवू. आमचे लोक तेवढे धीट कधीच झाले नाहीत. खऱ्या सर्व्हरला हात लावताना त्यांचा हात थरथरायचा, आणि कधी कधी त्या भीतीपायी आवश्यक पॅचसुद्धा महिनोन्‌महिने लांबायचे. तेही चांगलं नव्हतं.

पण पाकीट, कागद, सह्या यांचं तिथे नावही नव्हतं. पुतण्याला मी विचारलं, माणूस नोकरी सोडून गेला तर त्याचं नाव कोण काढतं? म्हणाला, ‘काका, तिकीट येतं. तिकीट आलं की काढायचं.’ आणि तिकीट आलंच नाही तर? तो हसला. पुढे तो एका अमेरिकन विमा कंपनीचं पोर्टल रात्रपाळीत सांभाळायला लागला. दोन वर्षांनी त्याचाच रात्री अकराला फोन, ‘काका, तो तुमच्या मॅडमचा तीन रकान्यांचा नमुना आहे का अजून?’ मी स्कॅन करून पाठवला.

एक गंमत जाता जाता. १९७८ साली आयबीएम भारत सोडून गेली, तेव्हा तिची देशातली मशीनं सांभाळायचं काम १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी सीएमसी कंपनीकडे आलं. सिकंदराबादला सीएमसीचं मोठं केंद्र होतं, आपल्याकडची कितीतरी मंडळी तिथे होती. परक्याने बसवलेली यंत्रं आपल्या माणसांनी चालवायची, ही आपली सुरुवात. आणि २०१९ साली आयबीएमने आपलं पोर्टल सॉफ्टवेअर, लोटस नोट्सच्या बरोबरीने, विकलं ते आपल्या एचसीएल कंपनीला. अमीरपेटच्या पाट्यांवर ज्याचं नाव झळकायचं तेच ते वेबस्फीअर पोर्टल. सीएमसी मात्र तेव्हा राहिली नव्हती. २००१ साली ती टाटांकडे गेली आणि २०१५ साली टीसीएसमध्ये विरून गेली.

मी २०११ साली रिटायर झालो. मॅडम माझ्यानंतर काही वर्षांनी. निवृत्तीच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. झोनल ऑफिसात सगळं आपोआप होत असलं तरी त्यांनी आपला पाच तारखेचा कागद बंद केला नव्हता, मशीनचं आणि कागदाचं जुळतंय का हे बघायला ठेवला होता. त्या महिन्याच्या कागदावर निवृत्तीच्या रकान्यात त्यांचंच नाव आलं. सवयीने पोर्टल उघडून त्यांनी स्वतःचं नाव बंद करायला घेतलं, तर पडद्यावर आलं की हा बदल तुम्हाला करता येणार नाही. ॲडमिनिस्ट्रेटरने स्वतःच्या नावाला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या वर्षी त्यांनीच घातला होता. मग शेजारच्या टेबलावरच्या मुलाला बोलावलं. त्याने बंद केलं, दुसऱ्याने मंजूर केलं.

त्या २००७ च्या बॅचचा ग्रुप फोटो माझ्याकडे होता, २०२० च्या पुरात खालच्या खोलीतल्या ट्रंकेबरोबर गेला. नांदेड, परभणी, लातूरकडच्या कोणाच्या घरी प्रत असेल तर इथे जरूर टाका. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा मी, आणि खुर्चीवर मधोमध मॅडम.